यार्डात उभ्या बोटीवर राहून तिला समुद्रासाठी तयार करायचं तर

नौदलाचे दिलीप दोंदे मे २०१० मध्ये 'म्हादेई' ही शिडाची बोट घेऊन एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून मुंबईत परत आले तेव्हापासून नवऱ्याच्या आणि माझ्या डोक्यात शिडाची बोट होती, प्रत्यक्षात घ्यायला मात्र बरीच वर्षं गेली. घेतली ती २८ फुटी, जुनी, फायबरची, आणि उभी होती रे रोडच्या बाजूला एका यार्डात, स्टँडवर. आम्ही डोंबिवलीचे. म्हणजे सकाळी गर्दीतून कुर्ला, तिथे हार्बरची गाडी पकडायची, रे रोडला उतरून चालत यार्ड, संध्याकाळी परत तेच, आणि हातात पेंटचे डबे नाहीतर पाईपची गुंडाळी. तीन शनिवार-रविवार असे घालवले आणि लक्षात आलं की दिवसातले चार तास प्रवासात, एक तास सामान काढण्यात, एक तास आवरण्यात, म्हणजे काम होतंय जेमतेम तीन तास. मग दसरा झाल्यावर बोटीवरच राहायला गेलो आणि माघी पौर्णिमेच्या उधाणाला ती पाण्यात उतरवली. ह्या चार महिन्यांत जे जे कळलं ते सगळं सविस्तर लिहितेय, कारण मराठीत हे कुठे एकत्र सापडलं नाही आणि आम्हाला त्याची फार गरज होती.

एक गोष्ट आधीच सांगते, बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. बोट जमिनीवर असते तो काळ फक्त पाण्याखालच्या भागासाठी आहे. वायरिंग, गाद्या, कपाटं, शिडं हे सगळं बोट तरंगत असतानाही करता येतं, पण तळ, सीकॉक (तळाच्या भोकांवरचे कॉक), शाफ्ट (प्रोपेलर फिरवणारा दांडा), सुकाणू यांना हात लावायचा तर बोट वरच हवी. तिच्यावर राहायला लागलं की हे विसरायला होतं. आतलं शेल्फ नीट नाही म्हणून रोज त्रास होतो, तळ काही त्रास देत नाही, मग माणूस शेल्फच करत बसतो. आमच्या शेजारच्या बोटीत कपाटांना दोनदा पॉलिश झालं आणि तळ जसाच्या तसा, ती अजून तिथेच आहे.

तारीख आधी धरा आणि मागे मोजत या

मुंबई बंदरात भरती-ओहोटीचा फरक मोठा, उधाणाला चार-पाच मीटरपर्यंत जातो, आणि पूर्वेकडच्या किनाऱ्याला ओहोटीला सरळ चिखल उघडा पडतो. कील (तळाखालचा वजनदार कणा) असलेली बोट कधीही उतरवता येत नाही, भरपूर पाणी हवं. म्हणजे अमावास्या किंवा पौर्णिमा आणि त्यानंतरचे एक-दोन दिवस. यार्डाशेजारी जाळी शिवत बसणारे एक म्हातारे कोळी काका होते, पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, "कधी उतरवताय?" मी म्हटलं काम झालं की. ते म्हणाले, "पोरी, कामाचं बघून समुद्र येत नाय. तिथी धर. भांगाला उतरवलीस तर चिखलात बसशील." भांग म्हणजे अष्टमीच्या सुमाराची कमी चढणारी भरती.

भरतीच्या वेळेचा जुना हिशोब कोकणात बऱ्याच जणांना माहीत असतो. तिथीला ३ ने गुणायचं आणि ४ ने भागायचं, येईल तो आकडा म्हणजे भरतीची वेळ. अष्टमीला ८ गुणिले ३ भागिले ४ म्हणजे ६ वाजता, पौर्णिमेला सव्वाअकरा. कृष्णपक्षात परत प्रतिपदेपासून मोजायचं. हा अंदाज आहे, मुंबईत घड्याळ थोडं पुढेमागे होतं, क्रेनवाल्याला वेळ देताना छापील भरतीचं कोष्टकच बघा आणि त्यात वेळेसोबत मीटरचा आकडाही बघा, कारण दिवसातल्या दोन भरत्या सारख्या नसतात, हिवाळ्यात रात्रीची जास्त चढते. तरी मुंबईची सोय अशी की उधाणाची एक भरती दुपारी बारा-एकच्या आसपास येते, म्हणजे दिवसाढवळ्या काम होतं.

मग भिंतीवर कॅलेंडर लावा, तीन पौर्णिमा पुढची तारीख लाल करा, आणि तिथून मागे मोजा. उतरवायच्या आदल्या आठवड्यात अँटिफाउलिंग (तळाला शेवाळ-शिंपले चिकटू नयेत म्हणून लावायचा रंग), त्याआधी प्रायमर, त्याआधी सीकॉक आणि शाफ्ट, त्याआधी तळ घासून सुकवणं. एक अमावास्या हातची ठेवा. आम्हाला ती लागली.

हवामानाच्या दृष्टीने काम ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत करा. तळाचं रंगकाम पावसाळ्यात हातात घेऊच नका, कारण पुढे येईलच.

शिडी चढण्याआधी बोटीखाली जा

पहिल्या रात्री झोपायच्या आधी अर्धा तास नुसतं खाली वाकून बघा. बोटीचं सगळं वजन कीलवर आणि कीलखालच्या लाकडी ठोकळ्यांवर असायला हवं. बाजूचे स्टँड फक्त तिला उभं धरण्यासाठी असतात, वजन उचलण्यासाठी नाही. स्टँडची गादी दाबून तळ आत गेलेला दिसत असेल तर वजन चुकीच्या जागी येतंय. गाद्या आतल्या आडव्या भिंतींच्या रेषेत हव्यात, तिथे तळ कडक असतो. समोरासमोरच्या स्टँडच्या जोड्या बोटीखालून साखळीने एकमेकांना बांधलेल्या हव्यात, नाहीतर हादऱ्याने ते हळूहळू बाहेर सरकतात. आणि आपल्याकडची जमीन भरावाची, पाऊस पडला की मऊ होते, म्हणून स्टँडच्या प्रत्येक पायाखाली जाड प्लायवूडचा तुकडा.

तीन गोष्टी कधीच करू नका. स्टँडला तोरण, तंबू, ताडपत्रीची दोरी काहीही बांधू नका, वाऱ्याने तेच स्टँड ओढून काढेल. आणि गादीखालचा भाग रंगवायचा म्हणून स्वतःच्या हाताने स्टँड सैल करू नका, यार्डाच्या माणसाला बोलवा, तो एक काढून बाजूला दुसरा लावून मगच हलवतो. बोट स्टँडवर असताना डोलकाठीवरही चढू नका.

राहायची परवानगी लेखी घ्या. बरीच यार्ड दिवसा कामाला हो म्हणतात पण रात्री राहायला नाही, आणि बंदराच्या हद्दीत गेट पास लागतो, कोण राहतंय त्याची नावं वॉचमनकडे हवीत. इन्शुरन्सचे कागद नीट वाचा, बोट जमिनीवर असताना आत कोणी राहतंय हे त्यात चालतं का, आणि क्रेनने उचलताना काही झालं तर ते धरलंय का. आम्ही हे उशिरा वाचलं, त्यामुळे दोन आठवडे झोप नीट लागली नाही.

शिडी वरच्या टोकाला बोटीला बांधायचीच, दोन्ही बाजूंनी. चढताना हात मोकळे. सामान कधीही हातात घेऊन चढायचं नाही, कॉकपिटमधून (मागची उघडी बसायची जागा) दोरीला बादली सोडायची आणि वर ओढायची, आमची सगळी भाजी, दूध, पाना, पक्कड त्याच बादलीतून आली. डिसेंबर-जानेवारीत पहाटे दव पडतं तेव्हा ॲल्युमिनियमची शिडी साबण लावल्यासारखी होते, म्हणून पायऱ्यांवर सुतळी घट्ट गुंडाळली. रात्री शिडीच्या वर आणि खाली एकेक छोटा दिवा. शिवाय दुसऱ्या बाजूने गाठी मारलेला एक जाड दोर कायम बांधून ठेवा, आग लागली आणि शिडीकडचा रस्ता बंद झाला तर उतरायला.

एक कोपरा घराचा, बाकी सगळी बोट कामाची

पहिले तीन दिवस बोटीच्या कामाला हात लावू नका, फक्त राहायचा कोपरा करा. आम्ही पुढची त्रिकोणी केबिन निवडली. ती पूर्ण रिकामी केली, व्हिनेगरच्या पाण्याने पुसली (बुरशीला हे चांगलं लागू पडतं), दोन दिवस उघडी ठेवून वाळवली, मग गादीखाली लाकडी पट्ट्या टाकल्या म्हणजे खालून हवा फिरते. रोज सकाळी गादी उभी करायची, हे आळस न करता. त्या केबिनच्या दाराला जाड प्लास्टिकचा पडदा, खाली वजन लावलेला. नियम असा की ह्या पडद्याच्या आत एकही हत्यार, एकही डबा, एकही कामाचा कपडा येणार नाही. कामाचे कपडे कॉकपिटमध्ये काढायचे, तिथेच पिशवीत. हा नियम पहिल्या महिन्यात दोनदा मोडला आणि दोन्ही वेळा फायबरची धूळ अंथरुणात गेली, रात्रभर अंग खाजवत बसलो.

हॅचला (छताच्या झरोक्याला) आणि दाराला मच्छरजाळी सगळ्यात आधी. बंदराच्या बाजूला डास भरपूर, आणि डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात होतो, तेही दिवसा चावतो, म्हणून तुमच्याच ताडपत्रीच्या खोलगटात, उघड्या बादलीत, शेजारच्या बोटीच्या कॉकपिटमध्ये पाणी साचलंय का ते आठवड्यातून एकदा फिरून बघा. उंदीर केबलवरून आणि शिडीवरून चढतात. तळात जी भोकं उघडी आहेत (सीकॉक काढल्यावर असतातच) त्यात स्टीलचा काथ्या, म्हणजे भांडी घासायचा, घट्ट कोंबा. यार्डातल्या साचलेल्या पाण्यात पायाला जखम असताना उतरू नका, उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस होतो आणि मुंबईत दरवर्षी माणसं त्याने जातात. गमबूट घ्या, आणि पाण्यात गेलात तर डॉक्टरांना लगेच सांगा.

वीज, स्वयंपाक, पाणी, संडास

यार्डातून वीज घेताना तीन तारांची जाड केबल, अर्थिंग खरंच आहे का हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून, आणि आत येण्याआधी ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच तोडणारा खटका. ओल्या जमिनीवर उभं राहून ग्राइंडर चालवणार असाल तर ह्या एका खटक्यावर जीव आहे, यात पैसे वाचवू नका. केबल बोटीत शिरते तिथे आधी खाली झोका देऊन मग वर घ्या, म्हणजे पाणी केबलवरून आत न येता झोक्यातून खाली गळतं. २००० वॅटची इंडक्शन शेगडी सुमारे ९ अँपिअर खाते, त्याच लाइनवर ग्राइंडर लावला की खटका पडणार, म्हणून स्वयंपाक काम सुरू व्हायच्या आधी.

गॅसपेक्षा इंडक्शनच बरी. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर बोटीच्या सगळ्यात खालच्या भागात, बिल्जमध्ये जाऊन साचतो, घरासारखा खिडकीतून निघून जात नाही. छोटा सिलेंडर ठेवायचाच तर उघड्यावर, कॉकपिटबाहेर. कोळशाची शेगडी किंवा जनरेटर आत कधीच नाही. दोन अग्निशामक ठेवा, एक झोपायच्या जागेच्या दाराशी आणि एक बाहेर कॉकपिटमध्ये, कारण आगीच्या पलीकडे ठेवलेला काही उपयोगाचा नाही.

बोटीच्या बॅटरीवर १२ व्होल्टचे पंखे आणि दिवे छान चालतात. साधी लेड ॲसिड बॅटरी पूर्ण भरलेली १२.७ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे अर्धी, त्याखाली नेऊ नका. बॅटरी चार्ज होताना तिची पेटी उघडी आणि हवेशीर. एक लक्षात ठेवा, समुद्राच्या पाण्याने थंड होणारी जी यंत्रं बोटीवर असतात, एसी, काही फ्रिज, इंजिन, ती जमिनीवर तशीच सुरू करायची नाहीत, त्यांना पाणीच मिळत नाही. इंजिन चालवून बघायचं असेल तर पाणी ओढणारा पाईप मोठ्या बादलीत, आणि बादलीत सतत नळाचं पाणी. इम्पेलर (पंपातलं रबरी चक्र) कोरडा फिरला की जरा वेळात जळतो.

पाण्यासाठी २० लिटरचा जार वर ओढत बसू नका, ५-५ लिटरचे कॅन. भांडी खाली यार्डाच्या नळावर.

आता सिंक. तिचं भोक थेट बोटीच्या बाहेर उघडतं. आम्ही एका शुक्रवारी तळाला प्रायमरचा पहिला हात दिला, पांढराशुभ्र, संध्याकाळी खाली उभं राहून दोघं बघत होतो. रात्री चहा झाला आणि मी सवयीने गाळणं सिंकमध्ये धुतलं. सकाळी बघते तर भोकापासून कीलपर्यंत बोटभर रुंदीचा तपकिरी ओघळ, ओल्या प्रायमरमध्ये मुरलेला, मध्ये मध्ये चहाची पूड चिकटलेली. तेवढा पट्टा पॉलिश पेपरने उतरवून, धुवून, सुकवून परत करावा लागला, दोन दिवस गेले. तेव्हापासून सिंकमध्ये कायम एक टब. तुम्ही पहिल्याच दिवशी ठेवा, आणि सिंकचा सीकॉक बंद करून हँडलला लाल चिंधी बांधा.

बोटीचा संडास जमिनीवर वापरायचा नाही. यार्डाचा वापरा, तो कसा आहे ते राहायला यायच्या आधी बघून घ्या, विशेषतः बायकांनी. रात्रीसाठी झाकणाची बादली, सकाळी सगळ्यात आधी ती खाली. याबद्दल कोणी लिहीत नाही, पण मला विचाराल तर चार महिने टिकायचं की आठवड्यात परत जायचं हे यावरच ठरतं.

धूळ आणि वास

बोट म्हणजे बंद डबा, आणि तुम्ही त्यात श्वास घेऊन झोपणार आहात. जुनं अँटिफाउलिंग कोरडं घासू नका, त्यात तांबं आणि बाकी विषारी पदार्थ असतात, त्याची धूळ फुप्फुसात जाते. ओलं घासा, पाण्याचा पाईप हातात ठेवून, खाली ताडपत्री पसरून, आणि जमा झालेला लगदा यार्ड सांगेल तिथेच टाका, खाडीत नाही. धुळीला एफएफपी२ मास्क पुरतो, पण रंग, थिनर, रेझिन यांच्या वाफेला तो काहीच करत नाही, त्याला कार्बनच्या डब्यांचा मास्क लागतो. शेजारचा घासायला लागला की तुमच्या हॅच बंद. बोटीच्या आत रेझिनचं किंवा रंगाचं काम केलं त्या रात्री बोटीवर झोपू नका, घरी जा, कुणाकडे तरी जा. आम्ही अशा सहा रात्री डोंबिवलीला गेलो आणि ते बरंच झालं, आंघोळ पण नीट झाली.

तेलात भिजलेले फडके, खास करून लाकडाला लावायच्या जवसाच्या तेलाचे, गोळा करून कोपऱ्यात टाकले तर आपोआप तापून पेट घेतात. ते पाण्याच्या बादलीत टाका किंवा बाहेर तारेवर पसरून वाळवा. इपॉक्सीचंही (दोन भाग मिसळून घट्ट होणारं रेझिन) तसंच, खोल डब्यात जास्त मिसळलं की स्वतःच्या उष्णतेने धूर काढतं. मुंबईच्या उन्हात तर फारच लवकर. थोडं मिसळा आणि लगेच पसरट ट्रेमध्ये ओता.

पाण्याखालचं काम, याच क्रमाने

आधी तळ प्रेशरने धुवायचा आणि शिंपल्यासारखे चिकटलेले बार्नाकल पत्र्याने खरवडायचे. मग एक दिवस काही न करता तळाकडे बघायचं, खडूने खुणा करायच्या. फोड दिसतील, जुन्या फायबरमध्ये पाणी मुरून येतात. टोचल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ऑस्मोसिस. ते फोडून, गोड्या पाण्याने परत परत धुवून, आठवडे-आठवडे सुकू द्यायचे, मगच इपॉक्सीची लांबी. ह्या सुकण्याला सगळ्यात जास्त वेळ लागतो म्हणून हे काम पहिल्या आठवड्यात सुरू व्हायला हवं.

ते सुकतंय तोवर सीकॉक. माझ्या मते आख्ख्या बोटीत याहून महत्त्वाचं काम नाही. तळाला पडलेली ही भोकं आहेत, आणि प्रत्येकावर एक धातूचा कॉक. आमच्या पाचातले चार वरून चकचकीत होते. मिस्त्रीने प्रत्येकाला हातोडीने हलकेच टिचकी मारली, तिसऱ्याला मारली आणि हँडलसकट वरचा भाग त्याच्या हातात आला. तुटलेली बाजू पिवळी नव्हती, गुलाबी होती, पेरूच्या गरासारखी, आणि नखाने खरवडली की भुगा पडत होता. साध्या पितळेतलं जस्त समुद्राच्या पाण्याने निघून जातं आणि मागे पोकळ तांबं राहतं, तो हा गुलाबी रंग. हे पाण्यात असताना तुटलं असतं तर बोट बुडाली असती. पाचही बदलले, ब्राँझचे घातले. विकत घेताना पितळ नको, ब्राँझ किंवा जस्त न सुटणारं खास पितळ, हे स्पष्ट विचारून घ्या. पाईपला प्रत्येक टोकाला दोन-दोन क्लिप. आणि प्रत्येक सीकॉकशेजारी त्या मापाची मऊ लाकडाची निमुळती खुंटी दोरीने बांधून ठेवा, कॉक तुटला तर ठोकायला.

मग शाफ्ट. प्रोपेलर धरून वर-खाली हलवा, खडखड झाली तर रबरी बेअरिंग बदला. सुकाणूही असंच धरून हलवा, आणि त्याच्या खालच्या टोकातून पाणी ठिबकत असेल तर आत पाणी शिरलंय. जस्ताचे ॲनोड (बाकी धातूंऐवजी झिजावेत म्हणून लावलेले तुकडे) अर्ध्याहून जास्त खाल्लेले असतील तर नवे लावा आणि त्यावर रंग लावू नका, रंग लावलेला ॲनोड काहीच करत नाही, त्याच्याऐवजी प्रोपेलर झिजतो.

शेवटी रंग. दमटपणा मोजायचं छोटं मीटर घ्या. दमटपणा ८५ टक्क्यांच्या वर असेल तर रंग नाही, आणि तळाचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला दव धरायला लागतं) किमान ३ अंशांनी जास्त हवं, नाहीतर डोळ्यांना न दिसणारा ओलावा रंगाखाली अडकतो आणि सहा महिन्यांत पापुद्रे निघतात. मुंबईत पावसाळ्यात हे जमणं जवळपास अशक्य. हिवाळ्यात सकाळी दहानंतर सुरू करायचं आणि तीन-साडेतीनला डबा बंद, म्हणजे संध्याकाळचा ओलावा यायच्या आत वरचा थर धरतो. इथेच बोटीवर राहण्याचा खरा फायदा होतो, तुम्ही सकाळी उठून हात लावून बघता, आज नाही तर आज नाही, उद्या. डोंबिवलीहून आलेला माणूस आज आलोच आहे तर मारून टाकतो. इपॉक्सी सुकल्यावर वर मेणचट थर येतो, तो आधी पाण्याने आणि स्क्रबरने धुवा, मगच घासा, उलटं केलंत तर तो थर आत रगडला जातो. दोन हातांमध्ये कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती तास, आणि शेवटच्या हातानंतर किती दिवसांत पाण्यात, हे डब्यावर लिहिलेलं असतं, तेच खरं.

बाकी कामं आणि खरेदी

डोलकाठी खाली काढलेली असेल तर उत्तम, तिला ताणून धरणाऱ्या तारांवरून जुना सुती फडका फिरवा, जिथे धागा अडकेल तिथे तार तुटलीय. तारांचा इतिहास माहीत नसेल तर नव्या घ्या. आतलं वायरिंग घरगुती वायरने करू नका, खाऱ्या हवेत ती आतून काळी पडते, कल्हई केलेली तांब्याची वायर मागा. शिडं, गाद्या, कपाटं हे बोट तरंगायला लागली की.

रे रोडजवळच्या दारूखान्यात जहाजं तोडून निघालेला माल मिळतो, शॅकल (साखळी जोडायची कडी), साखळी, ब्लॉक (कप्पी), जाड दोर, फिरायला खूप मजा येते आणि काही वस्तू खरंच उत्तम असतात. पण लाइफ जॅकेट आणि फ्लेअर (संकटात पेटवायचे इशाऱ्याचे दिवे) तिथून घेऊ नका, तारखा उलटलेल्या असतात. नट-बोल्ट, क्लिप, व्हॉल्व्हसाठी नागदेवी स्ट्रीट, तिथे ३१६ ग्रेडचं स्टेनलेस स्टील असं नाव घेऊन मागा, ३०४ खाऱ्या पाण्यात गंजाचे डाग देतं, आणि चुंबक लावून या दोनांत फरक कळत नाही, म्हणून बिलावर ग्रेड लिहून घ्या. विजेच्या सामानाला लोहार चाळ. नमुना सोबत न्या, मापाच्या बाबतीत तोंडी वर्णन चालत नाही.

पावसाळा गाठलाच तर बोटीवर उतरत्या छपरासारखी तंबू ताडपत्री, दोऱ्या बोटीलाच बांधून, शिडं पूर्ण उतरवून खाली. कॉकपिटची पाणी जायची भोकं रोज हात घालून साफ करा, पिंपळाची चार पानं पुरतात, मग सगळा पाऊस आत शिरतो. जमिनीवरची बोट पावसाच्या पाण्यानेही बुडते, आतून.

उतरवायचा दिवस

आदल्या दिवशी तुमचं घर आवरा. चार महिन्यांत डबे, बाटल्या, पंखा, पुस्तकं सगळीकडे पसरलेली असतात, ती सगळी बांधा. क्रेनचे पट्टे कुठे यावेत त्याच्या खुणा बोटीच्या बाजूला चिकटपट्टीने करा, पट्टा शाफ्टवर किंवा सुकाणूवर आला तर मोडेल. उचलताना बोटीवर कोणीही नाही, मांजरसुद्धा नाही. स्टँडच्या गाद्यांखालचे कोरे ठिपके बोट पट्ट्यात लटकली असताना रंगवून घ्या, त्यासाठी क्रेनवाल्याला आधीच सांगून ठेवा. सगळे सीकॉक बंद. प्रत्येकाखाली आणि शाफ्टच्या ग्लँडखाली (शाफ्ट बाहेर जातो तिथे पाणी अडवणारा भाग) थोडी टाल्कम पावडर भुरभुरा, एक थेंब पडला तरी ठिपका दिसतो.

बोट पाण्यात टेकली की पट्टे तसेच ठेवायला सांगा. आत जा, टॉर्च घेऊन सगळ्या भोकांवरून फिरा, मग एकेक सीकॉक उघडा, दोन मिनिटं बघा, पुढचा उघडा. क्रेनवाला घाई करेल, भरती उतरतेय म्हणेल, तरी वीस मिनिटं त्याच्याकडून घ्याच, बोलणी करताना हे ठरवून ठेवलं तर वाद होत नाही. जुन्या पद्धतीची ग्लँड असेल तर शाफ्ट फिरताना मिनिटाला काही थेंब पडणं बरोबर आहे, नवीन रबरी सील असेल तर ते दाबून आतली हवा काढायची, नाहीतर कोरडं तापतं.

पहिली रात्र बोटीवरच काढा, दर दोन तासांनी गजर लावून. व्हीएचएफ रेडिओ १६ नंबरच्या चॅनलवर (संकटात हाक मारायचा) चालू, कोस्ट गार्डचा १५५४ नंबर फोनमध्ये. आम्ही रात्री बारा, दोन आणि चारला उठलो. चारला नवऱ्याने फळी उचलली, मी टॉर्च धरला, तिसऱ्या सीकॉकखाली पावडरीत एक ठिपका होता, मसुराच्या डाळीएवढा. क्लिप अर्धा आटा आवळली, ठिपका पुसला, परत पावडर टाकली आणि तिथेच बसून राहिलो. साडेपाचला बघितलं, पावडर कोरडी होती. बाहेर मासेमारीच्या बोटी भाऊच्या धक्क्याकडे परतत होत्या आणि त्यांच्या लाटांनी आमची बोट पहिल्यांदा हलत होती.